आधी गोठा, मग आइस्क्रीम

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके. एका अंगाला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला वारली पाड्यांचा चढउताराचा मुलूख, मधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अशी या पट्ट्याची रचना आहे. अच्छाडची सीमा ओलांडली की गुजरात लागतो. मुंबईकडची कुटुंबे इकडे येतात ती बोर्डीच्या किनाऱ्यासाठी, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीसाठी किंवा वाडीतल्या एखाद्या निवांत मुक्कामासाठी. गोठा पाहायचा, जनावरांना वैरण घालायची, दूध कसे तापते-थंडावते ते बघायचे आणि शेवटी आइस्क्रीम खायचे, अशी अर्ध्या दिवसाची सहलही या पट्ट्याला शोभण्यासारखी आहे. मुंबईच्या दुधाशी या भागाचे नाते महामार्गाहून जुने आहे.

अशी सहल कशी असावी याबद्दल मात्र दोन मते पडतात. एक मत मौजेच्या बाजूचे, दुसरे गोठ्याच्या बाजूचे. पुढील संवादात पहिली बाजू मांडते ती वसई-विरारकडून कौटुंबिक सहली नेणारी भाची आणि दुसरी बाजू मांडतात ते दुग्धविकास खात्यातून निवृत्त होऊन डहाणूत राहणारे तिचे मामा. ही दोन्ही पात्रे कल्पित आहेत. ठिकाणे, सनावळ्या आणि संस्था खऱ्या आहेत.

सहल कशासाठी?

भाची : मामा, माझ्या बसमध्ये आजी असते, तान्हे बाळ असते, सातवीतला मुलगा असतो आणि आठवडाभर लोकलला लोंबकळलेले आईबाप असतात. रविवारी त्यांना शिकायचे नसते. सावली हवी, स्वच्छ संडास हवा, मुलांना धावायला जागा हवी आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटेल असे आइस्क्रीम हवे. बाकी सगळे त्याच्या मागून.

मामा : सावली आणि संडास याबद्दल वाद नाही. पण नुसते आइस्क्रीमच खायचे तर विरारला काय कमी दुकाने आहेत? शंभर किलोमीटर बस कशाला हाकायची? माणूस इथवर येतो तो विरारला न दिसणारे काहीतरी बघायला.

भाची : येतात ते बदल म्हणून. हवा बदलते, फोटो निघतात.

मामा : फोटो काढ ना! फक्त फोटोत जनावर खरे असू दे आणि त्याच्यामागचा गोठाही खरा असू दे. प्लास्टिकची गाय उभी करायची, तिच्या रबरी सडातून पाणी काढायचे आणि मुलाला सांगायचे की दूध असे येते, याला मी सहल म्हणत नाही.

मुद्दा दोघांच्याही बाजूने खरा आहे. दुग्धपर्यटन म्हणून जगभर जे चालते त्यातही हेच दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात दुग्धशाळा हे खेळाच्या मैदानाचे आणि खाद्यगृहाचे निमित्त असते. दुसऱ्यात चालू गोठा आणि चालू कारखाना काचेमागून दाखवला जातो आणि दुकान शेवटी लागते. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यात मंचरजवळच्या भाग्यलक्ष्मी डेअरी फार्मचे आहे. तेथे गोलाकार फिरत्या मंचावर गायींची धार यंत्राने निघते. डहाणू-तलासरीला मात्र कोणाची नक्कल करण्याची गरज नाही. येथे दुधाची अख्खी वाट स्थानिक साहित्यातूनच दाखवता येते आणि ती गवतापासून सुरू होते.

गवत

भाची : गवत दाखवायचे? मामा, गवत बघायला कोण तिकीट काढणार?

मामा : तिकीट गवताचे नको काढूस. पण दिवाळीच्या सुमाराला येशील तेव्हा बस दोन मिनिटे थांबव आणि गवताच्या गंज्या दाखव. मुंबईचे तबेले याच गवतावर जगले. आपल्याकडच्या माळांवरचे गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईला जायचे. व्यापारी आणि जमीनदार त्यावर गबर झाले. कापणारा वारली मात्र वेठीला होता.

भाची : म्हणजे तुम्ही आता गोदावरीबाई परुळेकरांच्या लढ्यावर येणार.

मामा : येणारच. तो लढा गवताचाच होता.

मे १९४५ मध्ये तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारी न करण्याचा निर्धार झाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात वारल्यांनी ५०० पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये असा दर मागितला आणि संप पुकारला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मारले गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील हा लढा गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदला गेला आहे. शहरात पेल्यात येणाऱ्या दुधाच्या किमतीत कापणाऱ्याची मजुरीही असते, याचा इतका थेट दाखला दुसरीकडे सहसा सापडत नाही.

भाची : मामा, गोळीबार आणि मग आइस्क्रीम? आईबाप काय म्हणतील?

मामा : आठ वर्षांच्या मुलाला गोळीबार नको सांगूस. त्याला एवढेच सांग की म्हैस एका दिवसात किती खाते, ते कोण कापते आणि त्याला पैसे मिळतात का. बाकीचे आईबापांना सांग. त्यांना ठाऊक असायला हवे.

भाची : दोन मिनिटांच्या थांब्यात बसत असेल तर सांगते. पाचवे मिनिट लागले की बसमध्ये चुळबुळ सुरू होते.

आरेपासून दापचरीपर्यंत

मुंबईत पूर्वी घरांच्या अंगणात, चाळींच्या मागे आणि रस्त्यांच्या कडेला तबेले होते. दाटीमुळे रोगराई, शेणाचा निचरा आणि भेसळ हे प्रश्न उभे राहिले. त्यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्धवसाहत सुरू झाली. तिच्या उभारणीमागे दारा खुरोडी होते. व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह त्यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेमध्ये म्हशी, गोठे, दुग्धशाळा यांच्या जोडीला ‘छोटा काश्मीर’ नावाची बाग होती. अनेक मुंबईकरांच्या लहानपणची दुधाची सहल ती हीच. काचेच्या बाटलीतले सुगंधी दूध प्यायचे आणि बागेत खेळायचे.

आरे भरली आणि शहर वाढतच राहिले, तेव्हा उरलेले तबेले आणखी उत्तरेला नेण्याचा विचार झाला. त्यासाठी राज्य सरकारने १९६० नंतरच्या दशकांत दापचरी येथे दुग्धप्रकल्प उभारला. दापचरी महामार्गालगत, डहाणू-तलासरीच्या हद्दीवरच आहे. प्रकल्पाच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधण्यात आले. नागरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदाही १९७६ मध्ये झाला. तरीही मुंबईचे तबेले दापचरीला अपेक्षेप्रमाणे गेले नाहीत आणि प्रकल्प पुढे रोडावला. प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीचा आणि विस्थापित आदिवासी कुटुंबांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

भाची : हेच तर माझे म्हणणे! दापचरी नुसत्या दुधासाठी बांधली. माणसांना यावेसे वाटेल असे तिथे काही ठेवले नाही. आरेला बाग होती, म्हणून आरे लोकांच्या लक्षात राहिली. बाग आणि बाटली नसती तर आरेचे नावही कुणी घेतले नसते.

मामा : बागेमुळे आरे लक्षात राहिली हे कबूल. पण बागेमुळे म्हशी दूध देत नव्हत्या. दापचरीचे अडले ते दुसरीकडेच. मुंबईचा तबेलेवाला दूध ताजे विकतो. पहाटे धार काढली की तासा-दोन तासांत गिऱ्हाइकाच्या दारात. त्याचे गिऱ्हाईक जोगेश्वरीला आणि तू त्याला सांगतेस तलासरीच्या वेशीवर राहा! दूध थंड करणे, टँकर, वाटेतले नासणे, सगळा खर्च त्याच्या डोक्यावर. तो कशाला येईल?

भाची : मग तेच दूध इथेच आइस्क्रीम करून विकले असते तर?

मामा : आत्ता कशी बोललीस! लांबच्या दुधाला दोनच वाटा असतात. एक तर ते चांगले थंड करून झपाट्याने पोचवायचे, नाही तर जागीच त्याचा टिकाऊ जिन्नस करायचा. तूप, मावा, भुकटी, कुल्फी, आइस्क्रीम.

या संदर्भात पारसी डेअरी फार्मचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. नरिमन अर्देशिर यांनी १९१६ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही डेअरी मरीन लाइन्स भागातील प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानासाठी ओळखली जाते. मलई कुल्फी, मावा, दही, तूप आणि सुतरफेणी या तिच्या नावाजलेल्या वस्तू. तलासरीशी तिचे नाव जोडले गेले ते महामार्गालगतच्या वरवाडा भागातील जमिनीमुळे. उत्पादन शहराबाहेर आणि विक्री शहरात, ही दुधाच्या धंद्याची जुनी रीत आहे. महामार्ग रुंद झाल्यावर तिला जोड मिळाली ती उलट दिशेची. आता गिऱ्हाईकच गाडीत बसून दुधाच्या मुलखात येते. महामार्गावर जेवणाला थांबणारी कुटुंबे हेच या पट्ट्यातल्या कोणत्याही दुग्धपर्यटनाचे पहिले भांडवल आहे.

गोठ्यात काय पाहावे

भाची : बरे, गोठा दाखवू. पण मग गायी देखण्या हव्यात. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन, नाहीतर लांब कानांच्या गीर. मुलांना चित्रातली गाय हवी असते.

मामा : चित्रातली असू दे एखादी. पण आपली डांगी दाखव. तीही काळी-पांढरीच असते. डांग, नाशिक आणि आपला हा भाग, हा तिचा मुलूख. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून धो-धो पावसात ती टिकते. भाताच्या चिखलात डांगी बैल चालतो, तिथे दुसरा रुततो.

भाची : आणि दूध?

मामा : बेताचे. ती दुधासाठी नव्हेच, शेतीच्या कामासाठी जपली गेली. हेच मुलांना सांगायचे. एक गाय चिखलात राबण्यासाठी, एक गाय बादली भरण्यासाठी, म्हैस मलईसाठी. प्रत्येक जनावराचे काम वेगळे.

गोठ्यात पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे दुभते आणि भाकड जनावर यांतील फरक. शहरातील अनेक मुलांना, आणि थोड्याफार मोठ्यांनाही, गाय किंवा म्हैस बारमाही दूध देते असे वाटते. दूध हे व्याल्यानंतर येते. गाय सुमारे नऊ महिने आणि म्हैस दहा महिन्यांहून थोडी अधिक गाभण असते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या चिकाचा खरवस होतो. पण त्या चिकावर पहिला हक्क वासराचा किंवा रेडकाचा असतो, कारण रोगांशी लढण्याची शक्ती त्याला त्यातूनच मिळते. दूध आटले की पुढच्या वेतापर्यंत जनावर भाकड राहते आणि त्या काळातही त्याची वैरण चालूच ठेवावी लागते. दुधाच्या दरात भाकड काळाचा खर्चही धरलेला असतो.

दुसरी गोष्ट धारेची. दुधाची धार साधारणपणे पहाटे आणि दुपार कलताना, अशी दिवसातून दोनदा निघते. धार काढण्यापूर्वी कास धुणे, पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढून दूध तपासणे, मग सडांवर हात किंवा यंत्र लावणे हा क्रम असतो. रेडकू जवळ आणले, कास चोळली की म्हैस पान्हा सोडते. गोंगाट झाला, अनोळखी माणसांची गर्दी झाली की ती बिथरते आणि पान्हा चोरते. कासेत दूध असूनही ते खाली उतरत नाही.

भाची : म्हणजे माझी चाळीस माणसे आत सोडली तर म्हैस संपावर जाईल!

मामा : नक्की जाईल. म्हणून गोठ्यात एका वेळी दहा माणसे, कठड्यामागे, आवाज न करता. फ्लॅश बंद. दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचे पाणी. लाळ्या-खुरकूत बुटांबरोबर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाते.

भाची : आणि धार काढून झाली की प्रत्येकाला पेलाभर धारोष्ण दूध. ते मी जाहिरातीतच टाकणार आहे. आजी तर खूश होतील.

मामा : ते मात्र अजिबात नको.

भाची : मामा, तुम्हीच म्हणता खरे दाखव, आणि धारोष्ण दुधाला नाही म्हणता?

मामा : पाहायला खरे दाखव, प्यायला तापवलेले दे. न तापवलेल्या दुधातून क्षय येऊ शकतो, ब्रुसेलोसिस येऊ शकतो. जनावर वरून धडधाकट दिसते. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाया यांच्याशी खेळ नको. पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंशांना १५ सेकंद धरून लगेच थंड करणे. तेवढ्याने जोखीम जाते. ते यंत्र काचेमागून दाखव आणि मग थंड पेला हातात दे.

येथे दोन्ही बाजूंची नेहमीची भूमिका उलटलेली दिसते. मौजेची बाजू परंपरेचे नाव घेते आणि गोठ्याची बाजू कारखान्याच्या शिस्तीचे. दुग्धपर्यटनाच्या ठिकाणी सुरक्षिततेचा नियम मात्र एकच आहे. जनावराला हात लावल्यावर आणि काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुतले गेले पाहिजेत. हात धुण्याची जागा आइस्क्रीमच्या दुकानात जाण्याच्या वाटेवरच असली तर वेगळी सूचना लावावी लागत नाही.

आइस्क्रीम

भाची : आता माझा प्रांत. इथे तरी मला बोलू द्या.

मामा : बोल की. पण आधी सांग, कपात काय असते?

भाची : दूध, साय, साखर, चिकू.

मामा : आणि हवा.

आइस्क्रीमच्या मिश्रणात दूध, साय, दुधाची भुकटी, साखर आणि स्थिरक असतात. हे मिश्रण पाश्चराइज करतात, दाबाने स्निग्धांशाचे बारीक कण करतात, सुमारे चार अंशांवर काही तास मुरवतात आणि मग घुसळत गोठवतात. घुसळताना त्यात हवा शिरते. शेवटी ते अतिथंड कोठीत कडक केले जाते. हवेमुळे एक लिटर मिश्रणाचे दोन लिटरपर्यंत आइस्क्रीम होऊ शकते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायच्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के, एकूण घन पदार्थ किमान ३६ टक्के आणि एका लिटरचे वजन किमान ५२५ ग्रॅम असावे लागते. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले तर त्या पदार्थाला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते आणि तसे वेष्टनावर छापावे लागते.

हिशेब सोपा आहे. म्हशीच्या एक लिटर दुधात ६ टक्के स्निग्धांश धरला तर सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश मिळतो. १० टक्क्यांच्या हिशेबाने तो ६०० ग्रॅम आइस्क्रीमला पुरतो. हवा नियमाच्या कमाल मर्यादेपर्यंत भरली तर ते ६०० ग्रॅम एक लिटरहून थोडी जास्त जागा व्यापतात. हवा कमी असली की तेच वजन लहान कपात मावते आणि चमचा जड लागतो. म्हणून आइस्क्रीमची किंमत मिलिलिटरवर न तोलता ग्रॅमवर तोलावी.

भाची : हवा वाईट नसते, मामा. हवेशिवाय आइस्क्रीम म्हणजे बर्फाची वीट. चमचा शिरणार नाही.

मामा : वाईट म्हणत नाही. पण मुलाला दोन वाट्या दे, एक आइस्क्रीमची, एक कुल्फीची. कुल्फीत हवा जवळजवळ नाही. दूध आटवायचे, साच्यात भरायचे, गोठवायचे. दोन्ही हातात घेतले की फरक तोलूनच कळतो.

भाची : ते करीन. त्याहून चांगले सांगू? लाकडी पॉट आणते. पूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी फिरायचा तो.

पॉटचे आइस्क्रीम हा या सहलीतला खरा प्रयोग ठरू शकतो. लाकडी पिंपात मधोमध धातूचा डबा, डब्यात मिश्रण आणि फिरते पाते. पिंप आणि डबा यांच्या मध्ये फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. मीठ आणि बर्फ यांचे प्रमाण जमले तर पिंपातले खारे पाणी उणे २१ अंशांच्या आसपास उतरू शकते. सुरुवातीला हँडल हलके फिरते. पंधरा-वीस मिनिटांत जड होऊ लागते आणि लहान मुलांच्या हातून मोठ्यांच्या हातात जाते. हँडल अडले की आइस्क्रीम झाले. झाकण उघडण्यापूर्वी वरचे खारे पाणी पुसले नाही तर सगळा डबा खारट होतो, ही त्यातली जुनी खबरदारी.

चवीसाठी डहाणूला फार शोधावे लागत नाही. येथील ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि कालीपत्ती ही येथील मुख्य जात. चिकू पूर्ण पिकलेला असला पाहिजे. कच्च्या फळातला चीक आणि तुरटपणा दुधात उतरला की आइस्क्रीम जिभेला आवळते. गर शिजवू नये. साल आणि बिया काढून तो घुसळण्याच्या अखेरीला घालावा. फळाच्या साखरेमुळे आइस्क्रीम जरा मऊ राहते, म्हणून मिश्रणातली साखर कमी करावी लागते. बोर्डीला भरणाऱ्या चिकू महोत्सवात चिकूचे असे नाना पदार्थ पाहायला मिळतात.

पैसा कोणाचा?

मामा : एक विचारतो. तुझ्या चाळीस माणसांचे पैसे पाड्यात किती उतरतात?

भाची : जेवण बनवणाऱ्या बाया इथल्याच. वारली चित्रे शिकवणारा मुलगा गंजाडचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या गावचा म्हटले की लोक आदराने बसतात. बसचा ड्रायव्हर तेवढा वसईचा. मामा, तुमचा गोठा वर्षानुवर्षे बघायला कुणी आले नाही, तेव्हा पाड्याला काय मिळत होते? मौजेमुळेच पैसा येतो. मौज काढून टाकलीत तर धडा उरेल, रोजगार उरणार नाही.

मामा : हे मान्य. पण रोजगार नुसता भांडी घासण्याचा नको. दूधही पाड्याचे असू दे. पलीकडे वलसाड जिल्ह्याची वसुधारा डेअरी बघ. आदिवासी बाया दूध संस्थेत दूध घालतात, हिशेब त्यांच्या नावावर. सीमेच्या अलीकडे तेच का नको?

भाची : संस्था काढणे माझ्या हातात नाही. पण आइस्क्रीमला लागणारे दूध आणि चिकू आजूबाजूच्या घरांतून घ्यायचे, एवढा करार मी ठिकाणाच्या मालकाशी करू शकते.

मामा : तेवढा कर. आणि आठवड्यातला एक दिवस आश्रमशाळेच्या मुलांना मोफत. ज्यांच्या मुलखात दूध निघते त्यांच्याच मुलांनी आइस्क्रीम कुंपणाबाहेरून बघायचे, हे बरे दिसत नाही.

भाची : मंगळवार रिकामाच असतो. मंगळवार ठेवू.

या पट्ट्यात अशा लहान, शेतीशी जोडलेल्या व्यवसायाला एक कायदेशीर पार्श्वभूमीही आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यामुळे येथे मोठ्या आणि प्रदूषक उद्योगांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. गोठा, वाडी आणि लहान दुग्धशाळा यांवर उभी राहणारी सहल या चौकटीत बसते. मात्र शेणाचा आणि दुग्धशाळेतील धुण्याच्या पाण्याचा निचरा नाल्यात न करता गोबरगॅस आणि खतखड्ड्याकडे वळवावा लागतो.

दिवसाची आखणी

रेल्वेने येणाऱ्यांसाठी डहाणू रोड हे स्थानक सोयीचे आहे. उपनगरी लोकल २०१३ पासून तेथपर्यंत धावते. तलासरी गावाला रेल्वे नाही, त्यामुळे पुढचा प्रवास एसटी, रिक्षा किंवा ठरवलेल्या गाडीने करावा लागतो. पावसाळ्यात मुलूख हिरवागार असला तरी गोठ्यांत चिखल आणि माश्या असतात. दसऱ्यानंतर गवतकापणी दिसते आणि हिवाळा लहान मुलांना मानवतो. एप्रिल-मेच्या दुपारी उकाडा असह्य होतो, तेव्हा आइस्क्रीम गोड लागते पण गोठ्यात उभे राहवत नाही.

भाची : सकाळी चिकूची वाडी, मग जेवण, मग आजींना झोप. तीन वाजता आइस्क्रीम, साडेतीनला गोठा.

मामा : उलटे कर. तीनला गोठा आणि धार, मग हात धुणे, मग काचेमागची दुग्धशाळा, मग पॉट फिरवणे आणि सगळ्यात शेवटी कप.

भाची : मुले शेवटपर्यंत थांबतील?

मामा : आधी कप दिलास तर कप संपल्यावर मुले गोठ्याकडे ढुंकून बघणार नाहीत. शेवटी दिलास तर सगळ्या वाटेवर त्यांचे पाय उचलतील. तुझी मौज कमी होत नाही, माझा गोठाही सुटत नाही.

भाची : आणि आजी?

मामा : आजींना गोठ्याच्या कठड्याजवळ खुर्ची. पान्हा म्हणजे काय ते नातवंडांना माझ्यापेक्षा त्याच चांगले सांगतील.

दोन्ही बाजू तपासल्यावर निष्कर्ष असा निघतो. दुग्धपर्यटनाला मौज लागते, कारण तिच्याशिवाय माणसे येत नाहीत आणि पैसाही येत नाही. ती मौज टिकते मात्र तेव्हाच, जेव्हा तिच्यामागे चालता गोठा, तापवलेले दूध, स्थानिकांचा वाटा आणि वेष्टनावरचा खरा मजकूर असतो. गोठा नसलेले ठिकाण हे केवळ दुकान होय आणि ते घराजवळच बरे. डहाणू-तलासरीकडे अशी सहल ठरवणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत : दुपारची धार किती वाजता निघते, आणि कपातले दूध कोठले? या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले तर तिकीट काढायला हरकत नाही.